तोरणाखालचं नाव

बोरझरीत पोळ्याच्या दिवशी भल्याभल्यांची इज्जत आंब्याच्या पानाला टांगलेली असायची. आखरावर, म्हणजे गावाला लागून ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेत, दोन खांब रोवून तोरण बांधलं, त्याखाली गावच्या बैलजोड्या झुली-बाशिंगं लेवून ओळीनं उभ्या राहिल्या, की ज्याच्या जिभेला धार असेल त्यानं पुढं यायचं आणि झडती म्हणायची. झडती म्हणजे चार ओळींचं टोचणं, तेही भर गावात, नाव घेऊन. म्हणणाऱ्यानं शेवटी ‘हर बोला’ म्हटलं आणि गावानं ‘हर हर महादेव’ केलं, की बोललेलं खरं ठरलं. ज्याचं नाव निघालं त्यानं तोरण तुटेस्तोवर जागा सोडायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आणि ज्यानं टोचलं त्यालाच आपल्या हातानं नारळ द्यायचा. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, म्हणूनच ती मोडायची कोणाची छाती नव्हती.

आनंदाबाईच्या चंद्रभानची जीभ या तोरणाखालीच धारेला लागली.

आनंदाबाईचं कपाळ चोविसाव्या वर्षीच पांढरं झालं. नाल्यापलीकडे दोन एकरांची वाडी, तिच्यात वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. ते टोपल्यात भरून रोहण्याच्या बाजाराला न्यायचं आणि पोर वाढवायचं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. तेवढ्यावर आपलं नाव लिहायची आणि अंगठा उठवणाऱ्या बायांकडे जरा वरूनच पाहायची. कोणापुढं हात पसरला नाही, कोणाचं ऐकून घेतलं नाही. गावात म्हणत, आनंदाबाईशी भांडायला जायचं तर भाकर बांधून जावं, सुटका कधी होईल सांगता येत नाही.

चंद्रभान महिन्याचा होता तेव्हा शेजारची बाळंतीण मेली. तिचं पोरगं तानबा. आनंदाबाईनं विचार केला नाही, एकाला या अंगाला लावलं आणि दुसऱ्याला त्या. दोघं एका दुधावर वाढले. चंद्रभान शब्द जुळवायचा, तानबा डफ वाजवायचा. वाफ्यात पाणी देता देता चंद्रभान ओळ टाकी, आणि आनंदाबाई हातातलं खुरपं न थांबवता सांगे, ही लंगडी आहे, हिला दुसरा पाय लाव. ओळ नीट होई. तानबा तिला मोठी माय म्हणे, आणि लग्न झाल्यावर त्याची धुरपताही तिला तसंच म्हणू लागली. पोळ्याला तानबाची जोडी आधी मोठ्या मायच्या दारी यायची, मग स्वतःच्या.

त्र्याहत्तरचा पोळा आला तो दुष्काळाच्या मागून. गावच्या बाया वर्षभर रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडत होत्या. लेकरांसाठी सरकारची सुकडी, भाजक्या पिठाचं कोरडं खाणं, पोत्यांनी आली आणि मुठीनं वाटली गेली. मधली पोती कुठं गेली ते साऱ्यांना ठाऊक होतं, पण सरपंच महादेवरावांचं नाव घ्यायचं कोणी? चंद्रभान तोरणाखाली आला. तानबानं डफावर थाप टाकली.

‘फोडू फोडू गिट्टी आमचे सोलून गेले बोटं,
सुकडीचे आले पोते, गेले कोन्या वाटं?
लेकराच्या हाती चिमूट, पोट गेलं पाठी,
म्हादेवरावच्या कुत्र्यापुढं सुकडीची वाटी!
हर बोला!’

गावानं ‘हर हर महादेव’ केलं ते नाल्यापलीकडे ऐकू गेलं असेल. महादेवराव मिशीवर हात ठेवून उभे होते. तो हात खाली आला. ते चालत पुढं आले, नारळ चंद्रभानच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पोट्ट्या, कुत्रं माह्यं नोय, भावाचं हाय. पोते मात्र माह्या घरी हायत. सकाळी ने."

सकाळी नऊ पोती बाहेर निघाली.

चंद्रभान नारळ फोडायला निघाला तर आनंदाबाईनं तो हातातून काढून घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. "टोचाले काय लागते? काट्यालेबी टोचता येते," ती म्हणाली. "ऐकून घेनारा मानूस पाह्यला नं आज? तुह्यी पाळी येईन तवा असाच उभा राह्यजो. तवा हा नारळ तू आपल्या हातानं देजो. तवरोक हा इथंच राह्यते."

पोरानं हसत मान डोलावली. पाळी आपलीही येते हे विशीतल्या माणसाला कुठं खरं वाटतं?

गाण्याचा वास माशीला गुळाचा लागतो तसा पुढाऱ्यांना लागतो. अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत वर्ध्याच्या मनोहररावांची जीप बोरझरीत आली आणि दोघांना घेऊन गेली. चंद्रभान गाणी करी, तानबा डफ वाजवी. आर्वी, पुलगाव, जिथं सभा तिथं हे आधी. लोक भाषणाला नाही, गाण्याला जमतात हे मनोहररावांच्या ध्यानात आलं, आणि पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेचं तिकीट त्यांनी चंद्रभानच्या हातावर ठेवलं. तो दोन ओळींवर निवडून आला:

‘चूल आमची या तीराले, वाडी त्या तीराले,
मंधातला नाला खाते बाया-लेकराले.’

ओळी खऱ्या होत्या. दर पावसाळ्यात नाला एखादं तरी माणूस नाहीतर ढोर घेऊन जायचा. दुसरी ओळ आनंदाबाईनं सुधारून दिलेली होती, पण हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. आपलं पोर मोठं होत असताना मायनं आपला वाटा मागू नये, एवढं तिला कळत होतं.

मग जे होतं ते झालं. कपडे पांढरे झाले, सायकल जाऊन राजदूत फटफटी आली. ‘माय’ची ‘आई’ झाली आणि ‘मले’चं ‘मला’ झालं. आनंदाबाई विचारी, ‘मले’ म्हटलं तर घसा बसतो का रे, पण तेही कौतुकानंच. गाणी थांबली. भाषण आलं की गाण्याला जागा राहत नाही. भाषणात पाय लंगडा असला तरी कोणी पाहत नाही. तानबा डफ खुंटीला टांगून पुन्हा बैलामागं लागला. त्यानं तक्रार केली नाही. म्हणायचा, भाऊ नाल्यावर पूल आणते, आपल्याले अजून काय पाह्यजे.

पूल नाही, रपटा आला, पुराचं पाणी वरून जाईल असा ठेंगणा सिमिटचा बांध. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात हिरालाल नावाच्या ठेकेदारानं तो दोन महिन्यांत बांधून काढला. रपट्याच्या तोंडाशी दगड बसवला, त्यावर चंद्रभानचं नाव कोरलं. आनंदाबाई वाडीला जाताना टोपलं डोक्यावर तसंच धरून थांबायची आणि एकेक अक्षर लावून ते नाव वाचायची. दुसरीपर्यंतची शाळा तिला त्या वर्षी पुरेपूर फेडून मिळाली.

पहिला पावसाळा रपटा टिकला. दुसरा लागायच्या आधी एके दिवशी तिची वहाण मधल्या भागात रुतल्यासारखी झाली. तिनं टोपलं खाली ठेवलं, कमरेचा विळा काढला आणि फटीत टोक घातलं. टोक बोटभर आत गेलं. निघालं तेव्हा त्याला सिमिट नव्हतं, नाल्यातली माती होती. तिनं ती माती चिमटीत घेऊन चुरली आणि तशीच घरी आली.

घरी हिरालाल खाटेवर बसून चहा पीत होता. आनंदाबाईनं त्याच्यासमोरच सांगितलं. चंद्रभान म्हणाला की इंजिनिअरनं काम पास केलं आहे, आई, तुला त्यातलं समजत नाही. आजवर आनंदाबाईला ‘तुला समजत नाही’ म्हणून कोणी सुखानं झोपलं नव्हतं. पण ती आत गेली. भाकरी थापायला बसली. दगडावर आपल्या पोराचं नाव होतं, आणि त्या दगडाखाली माती आहे असं गावभर सांगायला तिचीच जीभ कशी उचलावी?

श्रावणात बाजाराच्या दिवशी धुरपता वांग्याचं टोपलं घेऊन वाडीतून निघाली. रपट्यावर पाणी घोट्याच्या वर होतं, गुडघ्याच्या खाली. पूर नव्हता. मागून येणाऱ्या बायांनी पाहिलं की ती मधोमध पोचली, तिच्या पायाखालचा तुकडा खाली बसला आणि ती उभीच्या उभी आत गेली, विहिरीत बादली जावी तशी. टोपलं तेवढं वर राहिलं आणि गिरक्या घेत निघालं. दुसऱ्या दिवशी धुरपता कोसभर खाली बाभळीच्या काट्यांत सापडली.

पंचनाम्याला जमादार आला, तलाठी आला, ओवरसियर आला. चंद्रभान त्यांच्या बाजूला बसला. कागदावर काय लिहायचं ते येतानाच ठरून आलं होतं: बाई पूर असताना स्वतःच्या गफलतीनं पाण्यात उतरली. तानबा हात जोडून उभा होता. त्यानं पैशाची गोष्ट काढली नाही. तो म्हणाला, रपटा फुटला एवढंच लिहा. तिला नाला ठाऊक होता, लग्न होऊन आली तेव्हापासून ठाऊक होता. मेल्यावर तिला कोणी येडी म्हणू नये.

जमादारानं इकडं तिकडं पाहिलं आणि आनंदाबाईला विचारलं, "बाई, तुमी त रोज जाता या वाटेनं. रपटा कसा होता?"

चंद्रभाननं मान वर केली नाही. तो आपल्या कोटाच्या गुंडीकडे पाहत राहिला, लहानपणी चोरी सापडली की पाहायचा तसा. मनोहररावांनी त्याला आमदारकीच्या तिकिटाचा शब्द दिला होता. सहा महिन्यांवर निवडणूक होती. आनंदाबाईला हे सारं ठाऊक होतं. तिच्या विळ्याच्या टोकाला अजून ती माती वाळलेली होती.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "म्या म्हातारी बाई."

स्वतःला म्हातारी म्हणताना तिला गावानं पहिल्यांदाच ऐकलं. तानबानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि लाकडं आणायला गेला.

त्याच श्रावणाच्या अवसेला पोळा होता. मनोहरराव पोळा पाहायला येणार, गाव कसं आपल्या शब्दात आहे ते त्यांना दिसलं पाहिजे, म्हणून चंद्रभान आदल्या दिवशी घरोघर फिरला. या साली झडत्या बंद. पाहुण्यांपुढं कोणी कोणाचं उणं काढायचं नाही. एकच झडती होईल, ती मी म्हणीन.

आनंदाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "झडती बंद म्हंजे काय गा? मंग तुह्यी पाळी कवा येईन?"

तो म्हणाला, "आई, तो पोरखेळ होता."

तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. नारळ अकरा वर्षं तिथंच होता. पाणी कधीच आटलं होतं. हलवला तर आतली वाटी खडखड वाजायची.

बाया आखरावर जात नसत. पण आनंदाबाईचा ओटा आखराला लागूनच होता, तिथून सारं दिसे. जोड्या उभ्या राहिल्या. तानबाची जोडीही होती, झुलीवाचून, नुसत्या धुतलेल्या अंगानं. तोरणाच्या दोन खांबांशी दोन पोलीस शिपाई उभे. मनोहरराव खुर्चीवर. चंद्रभाननं भोंग्याचा डबा तोंडाशी धरला.

‘रस्ता आला, वीज आली, आला विकास दारी,
मनोहररावांच्या पायी धन्य बोरझरी!
हर बोला!’

कोणी बोललं नाही.

एका बैलानं मान हलवली, त्याच्या गळ्यातली घाटी वाजली तेवढीच. चंद्रभाननं पुन्हा ‘हर बोला’ म्हटलं. त्याचाच आवाज भोंग्यातून शाळेच्या भिंतीवर जाऊन परत आला. ओट्यावर आनंदाबाईच्या मनात आलं, चारी पाय लंगडे. आणि मग तिला दिसलं की तानबा कासरा बैलाच्या पाठीवर टाकून पुढं येत आहे. हातात डफ नव्हता.

‘चूल माह्यी या तीराले, वाडी त्या तीराले,
नाल्यानं त सोडलं होतं, रपट्यानं खाल्लं तिले...’

आता नाव येणार, हे सान्या पोरालाही ठाऊक होतं. तानबानं श्वास घेतला. चंद्रभाननं शिपायांकडे पाहिलं. त्यानं नुसतंच पाहिलं, बोलला नाही, पण ओट्यावरून आनंदाबाईनं ते पाहणं पाहिलं. एका शिपायानं तानबाच्या तोंडावर हात ठेवला, दुसऱ्यानं दंड धरला, आणि शांतता भंग करतो म्हणून त्याला जीपकडे नेलं. पोळ्याच्या दिवशी, तोरण तुटायच्या आधी, बैलांसमोरून धनी उचलून नेला. असं त्या गावात कोणाच्या आज्यानं ऐकलं नव्हतं. त्याची जोडी तिथंच उभी राहिली, वळून वळून जीपकडे पाहत.

तोरण तोडलं. जोड्या गावात शिरल्या. तानबाचे बैल कोणी हाकले नाहीत, ते आपल्या वाटेनं चालत आले आणि दरसालच्या सवयीनं पहिल्या दारी थांबले. आनंदाबाईच्या. तिनं पाण्याचा लोटा घेतला, चारी चारी खूर धुतले, ओवाळलं, पुरणाचा घास भरवला. मागून चंद्रभान आपली जोडी आणि मनोहररावांना घेऊन आला. तिनं त्या बैलांचेही पाय तसेच धुतले. बैलाचा काय गुन्हा? पण पोरानं टिळ्यासाठी कपाळ पुढं केलं तेव्हा तिनं कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"रपट्यात माती होती," ती मनोहररावांना म्हणाली. "म्या विळा घालून पाह्यली. याले सांगतलं होतं. ठेकेदार इथंच बसला होता चाय पीत. पंचनाम्यात म्या खोटं बोलली, लेकासाठी. आता खरं सांगून राह्यली."

मनोहरराव जुना माणूस. त्यांनी हात जोडले, वय झालं आईचं, असं चंद्रभानकडे वळून म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. चंद्रभान त्यांच्या मागं जीपपर्यंत गेला. त्याचं कपाळ कोरडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं तालुक्याला गेली. ठाण्यात सांगितलं, माझं लिहून घ्या, मी सही करते, अंगठा नाही. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं. मग सांगितलं की तो कागद पुरा होऊन वर्ध्याला गेला, बाई. आता तो वाहून गेल्यासारखाच. ती बाहेर आली तर तानबाला सोडलं होतं. स्टँडवर तो एकटाच उकिडवा बसला होता. गालावर बोटांचे वळ होते.

ती त्याच्या बाजूला बसली. मग तिनं विचारलं की त्याच्या नावाची ओळ तरी पुरी केली होती का.

"कोनाच्या?"

"चंद्रभानच्या. नाव घेत होता नं तू."

तानबा जमिनीकडे पाहत म्हणाला, "त्याचं नाव त दगडावरच हाय, मोठी माय. त्याचं काय घ्याचं? म्या तुह्यं घेनार होतो."

एसटी आली. तो मागं बसला, ती पुढं. सारी वाट ती खिडकीबाहेर पाहत होती. काय दिसलं ते तिला पुढं कधी आठवलं नाही.

तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. आईच्या बोलण्यानं नाही. गाव ज्याच्या ‘हर बोला’ला उत्तर देत नाही, तो माणूस मनोहररावांच्या कामाचा नव्हता. जीप यायची थांबली. हिरालालनं वाट बदलली. फुटलेल्या रपट्यावर सरकारनं दोन पाइप टाकले, आणि दगड होता तिथंच राहिला. चंद्रभान घरात खाटेवर बसून असे. मायलेकांत जेवायला वाढण्यापुरतं बोलणं होई. एकदा तिनं पाहिलं, तो कागद मांडीवर घेऊन ओठ हलवत होता. ओळ काही बसली नाही. त्यानं कागद चुलीत टाकला.

पंच्याऐंशीच्या पोळ्याला झडत्या पुन्हा झाल्या. आनंदाबाईनं देव्हाऱ्यातला नारळ पदरात घेतला आणि ओट्यावरून उतरून आखरावर जाऊन उभी राहिली. बाईमाणूस तोरणापाशी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं, पण तिला अडवायला कोणी पुढं झालं नाही. चंद्रभान आपल्या जोडीजवळ उभा होता. एकामागून एक नावं निघाली. नव्या सरपंचाचं निघालं, तलाठ्याचं, रेशनच्या दुकानदाराचं, मास्तराचं. ज्याचं निघालं त्यानं नारळ दिला. चंद्रभान ताठ उभा होता, हाती नवा नारळ, ऐकायला तयार. त्याचं नाव कोणी घेतलं नाही. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

तानबाही होता. तो पुढं आला नाही.

तोरण तुटलं तशी ती घाईनं घरी येऊन लोटा घेऊन दारात उभी राहिली. तानबाची जोडी आली आणि थांबली. त्यानं कासरा ओढला, पण बैल हलेनात. मग त्यानं कासरा सैल सोडला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिनं खूर धुतले, घास दिला. आणि मग तो जुना नारळ दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

"घे बापा," ती म्हणाली. "माह्या हातचा हाय. म्या उभी होती तिथं. ऐकाले उभी होती."

तानबा वळला. नारळाकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोपं गेलं असतं.

"म्या नाव घेतलंच नाई, मोठी माय. नारळ कायचा?"

त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. बैल निघाले. आनंदाबाईचे हात तसेच पुढं राहिले, आणि तिनं ते मागं घेतले तसा आतला सुका गोळा खडखड वाजला.